राज्यपालांना जाब विचारणार कोण?

गावच्या तलाठ्याला नोकरीवरून काढायचे झाले तर आधी त्याच्यावर दोषारोप ठेवावे लागतात, चौकशी करावी लागते, त्याची बाजू ऐकून घ्यावी लागते. राज्यघटनेच्या कलम ३११ ने त्याला हे संरक्षण दिले आहे. परंतु ज्यांच्या नावाने राज्याचा सारा कारभार चालतो, त्या राज्यपालांना हटवायला दिल्लीचा एक आदेश पुरतो. उलट त्यांनी राज्यघटनेचा भंग केला तरी, ज्या जनतेच्या सेवेची ते शपथ घेतात, त्या जनतेच्या विधानसभेला त्यांचा केसही वाकडा करता येत नाही!

राष्ट्रपतींवर कलम ६१ नुसार महाभियोग चालविता येतो. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही संसद हटवू शकते. राज्यपाल मात्र कलम १५६ नुसार राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे ही मर्जी केंद्रातील सत्ताधाऱ्यांचीच. २००४ साली केंद्रात सत्ताबदल होताच उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोव्याचे राज्यपाल हटविले गेले. केवळ सरकार बदलले म्हणून राज्यपालांना काढता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले. तरीही मर्जीचे कलम तसेच राहिले.

मुळात असे नव्हते. १९४८ च्या घटनेच्या मसुद्यात राज्यपालांवरील महाभियोगाची तरतूद होती. दोषारोप विधानसभेने ठेवायचा आणि त्याची तपासणी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने करायची, अशी ती रचना होती. १९४९ मध्ये निवडून आलेल्या राज्यपालाऐवजी नियुक्त राज्यपाल स्वीकारला गेला आणि ही तरतूद गळाली. राज्यपालांना हटविण्याची कारणे घटनेतच लिहा, अशी सूचना प्रा. के. टी. शहा यांनी मांडली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. लाचलुचपत वा घटनाभंग यासाठी राष्ट्रपती आपल्या अधिकारात हटवू शकतीलच, मग कारणांची जंत्री कशाला, असे त्यांचे म्हणणे होते.

बाबासाहेबांचे हे उत्तर आम्ही लपवू इच्छित नाही. पण ते कोणत्या भरवशावर दिले होते? राज्यपालांना स्वतःची कार्ये नाहीत, केवळ कर्तव्ये आहेत, असे त्यांनी घटना समितीत सांगितले होते. संवैधानिक नीतिमत्ता ही आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते, हा इशाराही त्यांचाच. तो भरवसा राज्यकर्त्यांनी मोडीत काढला, हे महाराष्ट्राने उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावे पाठविली. तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यावर निर्णयच घेतला नाही. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले, तरी फाईल हलली नाही. शेवटी २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. जून २०२२ मधील बहुमत चाचणीचा त्यांचा आदेश समर्थनीय नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी म्हटले. तोपर्यंत राज्यपाल पद सोडून गेले होते. चूक ठरली, पण जबाब कोणीच दिला नाही.

हा केवळ सत्तेच्या खुर्चीचा प्रश्न नाही. पाचव्या अनुसूचीने आदिवासींच्या जमिनीचे आणि हिताचे रक्षण करण्याचे खास अधिकार राज्यपालांना दिले आहेत. अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल दरवर्षी राष्ट्रपतींना देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यांनी हे कर्तव्य टाळले तर गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासीने कोणाचे दार ठोठवायचे?

पुंछी आयोगाने २०१० मध्येच उपाय सुचविला आहे. मर्जीचे तत्त्व रद्द करा, राज्यपालांना पाच वर्षांची निश्चित मुदत द्या आणि हटवायचे असेल तर राष्ट्रपतींप्रमाणेच, पण राज्य विधिमंडळात, महाभियोग चालवा. हा अहवाल धूळ खात पडला आहे.

यावर आक्षेप येईल की, बहुमताच्या जोरावर मुख्यमंत्री नको असलेल्या राज्यपालांना घालवतील. आक्षेप रास्त आहे. २०२४ च्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रात एकाच आघाडीकडे दोन-तृतीयांशाहून अधिक आमदार आले. तेव्हा नुसते संख्याबळ पुरेसे मानता येणार नाही. म्हणून आमची मागणी अशी की, आरोप फक्त घटनाभंगाचा असावा आणि तो लेखी असावा. एक-चतुर्थांश आमदारांच्या सह्या आणि चौदा दिवसांची नोटीस असावी. न्यायाधीशांच्या बाबतीत १९६८ च्या कायद्याने नेमली जाते तशी त्रिसदस्य समिती आधी चौकशी करील. तिने दोषी ठरविले तरच मतदान आणि तेही एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांशाने. यात राज्यपालांनाही न्याय आहे. आज त्यांना तलाठ्याइतकेही संरक्षण नाही.

राज्यपाल हे दिल्लीचे हस्तक नव्हेत आणि मुख्यमंत्र्यांचे आश्रितही नव्हेत. ते राज्यघटनेचे सेवक आहेत. ज्या लोकशाहीत राष्ट्रपतींनाही जाब विचारता येतो, तेथे राजभवनाच्या भिंती इतक्या उंच का? येत्या अधिवेशनात आपल्या आमदाराने हा प्रश्न विचारावा, यासाठी वाचकांनी त्याला पत्र लिहावे. संविधान वाचविण्याची भाषा करणाऱ्या प्रत्येक पक्षाची यात कसोटी आहे.