साठीनंतरची केनिया-सफारी : सिंहापेक्षा संकोच घातक

वाचकहो, मे महिना सरत आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुले केनियाला चला म्हणत आहेत. या वयात जाऊ का?" विचारणारे गृहस्थ सत्तरीचे असतात. शेजारी बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर त्याच प्रश्नाची दुसरी बाजू स्पष्ट वाचता येते : "बाबांना न्यावे का? परक्या देशात, रानात, काही झाले तर?"

दोघांनाही माझे उत्तर सहसा एकच असते. प्रकृती स्थिर असेल आणि तयारी नीट केली असेल, तर अवश्य जावे. वन्यप्राणी पाहण्याची सफर हा डोंगर चढण्याचा प्रवास नव्हे. ती बहुतांशी गाडीत बसून करायची असते. नियम पाळून गाडीत बसलेल्या प्रवाशाला सिंहाचे भय जवळजवळ नसते. ज्येष्ठांना धोका असतो तो निराळ्याच गोष्टीचा. तो कोणता, हे मी वैद्यकाच्या पुस्तकातून नव्हे, तर माझ्या मामांकडून शिकले.

प्रवासापूर्वीचे सहा आठवडे

आम्ही सहा जण होतो : मी, माझे पती, त्यांचे एक स्नेही, चौऱ्याहत्तर वर्षांचे मामा, मामी आणि माझी मामेबहीण. ऑगस्टमध्ये जायचे होते, म्हणून जूनमध्येच तयारीला लागलो. आपणही निदान सहा आठवडे हाताशी ठेवावेत.

पहिला विषय पीतज्वराच्या लसीचा. केनियाहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ या लसीचे प्रमाणपत्र असावे लागते; नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि ते आयुष्यभर चालते. मात्र ही लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूंची असते. साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम विरळा असले, तरी तरुणांपेक्षा अधिक आढळतात. कर्करोगावरील औषधे, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्यास, तसेच अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास ती सहसा देत नाहीत. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे, नंतर नव्हे.

दुसरा विषय हिवतापाचा. प्रतिबंधक गोळ्या अनेक प्रकारच्या आहेत. एखादी हृदयाच्या अनियमित ठोक्यांत चालत नाही, एखादी मूत्रपिंडे कमकुवत असल्यास टाळावी लागते, तर एखादीने उन्हाचा त्रास वाढतो. शेजाऱ्यांनी घेतली तीच आपण घ्यावी, असे करू नये. आपल्या चालू औषधांची यादी दाखवून निवड करावी आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस गोळ्या पूर्ण कराव्यात. परतीनंतर काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य सांगावे : "मी आफ्रिकेत जाऊन आलो आहे."

गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मणक्याचा अस्थिभंग झाला असेल, तर मात्र सफर पुढच्या वर्षावर टाकावी. रानातील प्राणी तोवर कोठे जात नाहीत.

रोजची औषधे दोन भागांत विभागून दोन्ही भाग हातसामानात, मूळ वेष्टनांसह ठेवावीत. इन्शुलिन विमानाच्या पोटातील सामानात कधीही देऊ नये. तेथे ते गोठून निकामी होऊ शकते. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा औषधांसाठी कापडी थैली शिवून घ्यावी. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तेथील अभयारण्यांत चालत नाहीत; प्रत्येकाची स्टीलची बाटली हवी. या बाटलीचे महत्त्व पुढे कळेलच.

उसळत्या वाटेवर

नैरोबीहून मसाई मारा मोटारीने पाच-सहा तासांवर आहे. शेवटचा टप्पा इतका खडबडीत, की तेथील चालक हसत हसत त्याला 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. हाडे ठिसूळ झालेल्यांना हा मसाज महागात पडू शकतो. उसळीसरशी मणका दबून त्याला चीर गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून ज्येष्ठांना मागच्या चाकांवरील आसन देऊ नये. पुढची किंवा मधली जागा द्यावी. पाठीशी छोटी उशी घ्यावी. छत उघडून उभे राहायचे ते गाडी पूर्ण थांबल्यावरच, आणि चालकाने इंजिन सुरू करताच बसायचे. परवडत असेल तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण-एक तासात मारा गाठता येते. मात्र सामान मऊ पिशवीत आणि साधारण पंधरा किलोपर्यंतच नेता येते.

मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर व त्याहून उंच आहे. ऑगस्टच्या पहाटे तेथे स्वेटर आणि कानटोपी लागते, दुपारी मात्र ऊन चटका देते. धूळ पुष्कळ; दम्याच्या रुग्णांनी इनहेलर खिशात व मुखपट्टी जवळ ठेवावी. तंबूंतील दिवे काही ठिकाणी रात्री मालवले जातात. पाणघोडे रात्री चरायला बाहेर पडतात, म्हणून पहारेकऱ्याला बोलावल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकू नये. उशाशी विजेरी हवीच. रात्री न्हाणीघराकडे जाताना पडणे हा ज्येष्ठांचा रानातलाही मोठा शत्रू आहे.

मामांचा निर्जळी उपास

'मारा' या मसाई शब्दाचा अर्थ ठिपकेदार. पिवळ्या गवताच्या विस्तारावर झाडांचे आणि ढगांच्या सावल्यांचे ठिपके पाहिले, की नाव पटते. जुलै ते ऑक्टोबर या काळात टांझानियाच्या सेरेंगेटीतून विल्डेबीस्टांचे लाखोंचे कळप येथे उतरतात. मगरींनी भरलेली मारा नदी ते ओलांडतात, तो क्षण पाहण्यासाठी साऱ्या गाड्या काठावर ताटकळत असतात.

आमच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आठपासून आम्ही काठावर होतो. कळप पाण्यापर्यंत यायचा, पुढचे प्राणी थबकायचे, आणि सारे माघारी वळायचे. असे चार वेळा झाले. तीन तास गेले. कोणीच गाडीबाहेर उतरू शकत नव्हते आणि कोणालाच निघावेसे वाटत नव्हते. शेवटी नदी न ओलांडताच कळप दूर गेला, आणि आम्ही न्याहारीसाठी नेमून दिलेल्या झाडाखाली आलो. मामा गाडीतून उतरले, दोन पावले चालले आणि गवतावर कोसळले.

मी धावले. शुद्ध काही क्षणांतच परत आली. बोलणे स्पष्ट, चेहरा सरळ, दोन्ही हातांत जोर. छातीत दुखत नव्हते. नाडी जलद पण नियमित. साखर १३२. रक्तदाब मात्र आडवे असतानाही ९४/६०. जीभ कोरडी. मामीने मामांची बाटली उचलली, ती काठोकाठ भरलेली होती.

पाय उंचावर ठेवून त्यांना निजवले. जलसंजीवनी एक लिटर पाण्यात कालवून घोट घोट दिली. अर्ध्या-पाऊण तासाने रक्तदाब ११६/७० झाला आणि मामा उठून बसले. मी विचारले, "मामा, सकाळपासून पाणी का नाही घेतलेत?"

ते मान खाली घालून म्हणाले, "अगं, रानात लघवीला कुठे जाणार? माझ्यामुळे गाडी हलवावी लागली असती, आणि नेमकी तेव्हाच ती जनावरं पाण्यात उतरली असती. तुम्ही सगळे एवढ्या लांबून आलात..."

चक्कर त्यांना दीड तास आधीपासून येत होती. तीही त्यांनी सांगितली नव्हती.

दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे, हे मला ठाऊक होते. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्ती घटते, हे मी रोज रुग्णांना सांगते. सकाळची गोळी, घोटभर चहा, डोक्यावर ऊन, पोटात पाणी नाही आणि एकाएकी उभे राहणे, हा हिशेब मी मांडायला हवा होता. मी मात्र दुर्बिणीतून मगरी पाहत होते.

सोबत्यांचा करार

त्या संध्याकाळी शेकोटीभोवती आम्ही एक करार केला. तो आपणही जाण्यापूर्वीच करावा.

पहिले कलम : दर दोन तासांनी गाडी योग्य जागी थांबेल, कोणी मागितले नाही तरी. एकाला मागावे लागले, की संकोच आला; सर्वांसाठी थांबले, की तो राहत नाही. केनियातील चालक या थांब्याला 'टायरची हवा तपासणे' म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून मामाच सर्वांत आधी ओरडू लागले, "हवा तपासा!" निघताना आणि परतल्यावर प्रसाधनगृह ठरलेलेच. गरज वाटल्यास प्रौढांसाठीचे डायपर वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

दुसरे कलम : प्रत्येक थांब्यावर प्रत्येकाने थोडे पाणी प्यायचे आणि शेजाऱ्याची बाटली पाहायची. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यावे लागते, त्यांनी प्रवासातील प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. लघवीच्या गोळीची वेळ बदलता येते का, हेही निघण्यापूर्वी विचारावे. रानात स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

तिसरे कलम : चक्कर, छातीत जडपणा, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच क्षणी सांगायचे. सांगणाऱ्याला कोणी "आता?" असे म्हणायचे नाही. काळजीवाहकांनो, हे कलम आपल्यासाठी आहे. वडीलधारी माणसे आपल्या शब्दांपेक्षा आपला चेहरा आधी वाचतात.

आणि शेवटचे : निघण्यापूर्वी आधीच्या आजारांसह विमा घ्यावा आणि त्यात हवाई रुग्णवाहिका आहे ना, ते पाहावे. नैरोबीत १९५७ साली तीन शल्यचिकित्सकांनी सुरू केलेली 'फ्लाइंग डॉक्टर्स' सेवा आजही रानातील धावपट्ट्यांवरून रुग्णांना उचलून आणते. ती लागू नये. पण तिचा दूरध्वनी क्रमांक सर्वांच्या खिशात असावा.

अंबोसेलीची आजीबाई

दुसऱ्या दिवशीही कळपाने नदी ओलांडली नाही. पण हवा तपासायला थांबलो असताना चालकाने उंचवट्याकडे बोट दाखवले. तीन पिलांना घेऊन एक चित्तीण उन्हात बसली होती. थांबलो नसतो तर ती दिसलीच नसती.

शेवटचे दोन दिवस अंबोसेलीत गेले. पलीकडे टांझानियात ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो, अलीकडे दलदलीतून संथ चालणारे हत्ती. येथील हत्तींचा अभ्यास १९७२ पासून अखंड चालू आहे. कळपाची प्रमुख ही सहसा सर्वांत वयस्क मादी असते. ओळखीच्या आणि अनोळखी हत्तींच्या हाकांतील फरक वयस्क प्रमुख अधिक अचूक ओळखतात, आणि त्यांच्या कळपांना त्याचा लाभ होतो, असे येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. आमच्यासमोर एक प्रमुख हत्तीण थांबली. मागचे सारे थांबले. एक लहानगे मागे पडले होते. ते येऊन पोहोचेपर्यंत कोणी हलले नाही.

आमचा चालक मामांना पहिल्या दिवसापासून 'म्झे' म्हणत होता. स्वाहिलीत वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने असेच संबोधतात. मामांना वाटत होते, तो 'म्हाताऱ्या' म्हणतो आहे. खरा अर्थ कळल्यावर ते बराच वेळ हत्तींकडे पाहत राहिले आणि मग बाटली उघडून पाणी प्यायले.

तेव्हा वाचकहो, जायचे असेल तर जा. लस, गोळ्या, विमा यांची यादी आपण कराल याविषयी मला शंका नाही. त्या यादीत एक ओळ वाढवा आणि ती निघण्यापूर्वी सोबत्यांसमोर मोठ्याने वाचा : "मला थांबावेसे वाटले, तर मी सांगेन." आणि ऐकणाऱ्यांनी तितक्याच मोठ्याने म्हणावे, "आम्ही थांबू."