निर्यात-उत्पादन व कामगार

निर्यात-उत्पादन व कामगार : परदेशी बाजारपेठांसाठी माल तयार करणारे उद्योग व त्यांतील कामगारांची कायदेशीर स्थिती. मुक्त व्यापार करारांमुळे आयात शुल्क घटून अशा उद्योगांना चालना मिळते. करारातील सवलत मात्र मालाच्या उत्पत्तिस्थानावर ठरते. माल घडविणाऱ्यास वेतन काय मिळाले, याच्याशी तिचा सहसा संबंध नसतो.

भारतात पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र कांडला येथे १९६५ मध्ये व मुंबईत अंधेरीचे ‘सीप्झ’ १९७३ मध्ये स्थापन झाले. सीप्झमध्ये आरंभी इलेक्ट्रॉनिकी वस्तू, पुढे रत्ने व दागिने यांचे उत्पादन वाढले. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ रोजी अंमलात येऊन तेथील भारतीय दागिन्यांवरचे ५ टक्के शुल्क उठले.

अशा क्षेत्रांत कामगार कायदे लागू नसतात, हा समज चुकीचा आहे. विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियम, २००५ च्या कलम ४९ प्रमाणे केंद्र शासनास इतर कायद्यांतून सूट देता येते. परंतु कामगार संघटना, औद्योगिक कलह, कामाची परिस्थिती, भविष्य निर्वाह निधी, प्रसूतिलाभ इ. बाबतींत देता येत नाही. खरी मेख अंमलबजावणीत आहे. २००६ च्या नियमांत औद्योगिक कलह कायद्याखालील राज्याचे अधिकार विकास आयुक्ताकडे सोपविण्याची तरतूद आली. निर्यातवाढ हेच ज्याचे मुख्य कार्य, त्याच्याकडेच कामगारांनी गाऱ्हाणे न्यावे, ही रचना सदोष म्हटली पाहिजे. क्षेत्राला सार्वजनिक उपयोगिता सेवा ठरविण्याचीही त्यांत सोय होती. तसे ठरल्यास पूर्वसूचनेविना संप बेकायदा होई. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यावर १४ दिवसांच्या सूचनेची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांवर आली.

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुका प्रामुख्याने शेतीचा. तेथून पुष्कळजण रोज रेल्वेने मुंबई-ठाण्याकडे कामाला जातात. शेजारच्या खालापूरमध्ये मात्र खोपोली व पाताळगंगा येथे कारखानदारी आहे आणि न्हावा-शेवा बंदर (१९८९) जवळ आहे. साध्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यालाही उत्पत्तिस्थानाचा दाखला मिळाल्यास करारातील तीच सवलत मिळते. तेथील कामगाराचा तंटा मात्र राज्याच्या कामगार खात्याकडे जातो.

अमेरिका, मेक्सिको व कॅनडा यांच्या २०२० पासूनच्या करारात संघटन-स्वातंत्र्य नाकारणाऱ्या विशिष्ट कारखान्याच्या मालाची सवलत रोखता येते. भारत-ब्रिटन करारात (२४ जुलै २०२५) कामगारविषयक प्रकरण आहे. पण ते तंटा-निवारण यंत्रणेच्या कक्षेबाहेर ठेवले आहे.