पाय पुरत नाहीत? आधी टेप आणा!

सकाळचे साडेनऊ. नळ स्टॉपचा सिग्नल लाल. पुढे रिक्षा, मागे पीएमपी, मध्ये स्पोर्ट बाईकवर तुम्ही. डावा पाय खाली सोडता आणि जमिनीला लागतो फक्त अंगठा. त्यात रस्ता तिथेच जरासा उतरता. दीडशे किलोच्या आसपासची गाडी एका अंगठ्यावर! शेजारच्या स्कूटरवरच्या काकू तुमच्याकडे अशा बघतात, की आता पडतेय ही.

ओळखीचं वाटलं? मग पुढचं वाचाच. माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन 46 किलो. सेकंडहँड स्पोर्ट बाईक घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एका गॅरेजात जाऊन म्हणाले, "दादा, गाडी खाली करून द्या." दादांनी मागची लिंक बदलली, अर्ध्या तासात गाडी खाली. दोन्ही चवडे टेकले, मी खूश! तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी साइड स्टँडवरून उजवीकडे कलंडली. वळणावर हँडल जड, गाडी बाहेर जायला बघायची. आणि स्पीड ब्रेकरवर खालून 'खर्रर्र'.

चूक कुठे झाली, ते नंतर कळलं. तुम्हाला आधीच कळावं, म्हणून हा लेख.

आधी आकडे बघू. यामाहा आर15 व्ही4ची सीट जमिनीपासून 815 मिलिमीटरवर आहे, तर बजाज ॲव्हेंजर क्रूझ 220ची 737वर. पाच फूट उंचीच्या माणसाच्या पायाची आतली लांबी असते साधारण 700 मिलिमीटर. म्हणजे बूट घातले तरी गणित जुळत नाही. हा तुमचा दोष नाही, आणि कंपन्यांनाही ते कळायला लागलंय. आपल्या चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 ॲडव्हेंचरची सीट होती 855 मिलिमीटरवर. 2023 मध्ये त्याच गाडीचं 830 मिलिमीटरचं मॉडेल भारतात आलं.

पण उंची ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे वजन, आणि तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. तुम्ही बसलात की स्प्रिंग थोडी दबते आणि गाडी खाली येते. या दबण्याला म्हणतात सॅग. कंपनी स्प्रिंग निवडते ती साधारण 70-75 किलोचा रायडर धरून. तुम्ही 46 किलोचे असाल तर ती पुरेशी दबतच नाही. म्हणजे बुटक्या आणि हलक्या रायडरला दुहेरी फटका: पाय आखूड, वर गाडीही उंचच राहते. शिवाय प्रत्येक खड्डा थेट कमरेत!

म्हणून लिंक बदलण्याआधी टेप आणा आणि दोन मित्र बोलवा. मागचं चाक हवेत उचलून एक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंत मोजा. मग हेल्मेट, जॅकेट, बूट घालून तुम्ही बसा, एकाने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमचा सॅग. रस्त्यावरच्या स्पोर्ट बाईकला तो साधारण 30 ते 35 मिलिमीटर असावा. तुमचा 18-20च येतोय? मग हुकाच्या पान्याने मागच्या शॉकअपचा प्रीलोड कमी करा आणि परत मोजा. एक पैसा न घालवता सीट सेंटिमीटरभर खाली येऊ शकते. प्रीलोड अगदी शेवटापर्यंत सैल करूनही सॅग येत नसेल, तर स्प्रिंगच तुमच्यासाठी कडक आहे. मऊ स्प्रिंग बसवा. मात्र, फक्त पाय टेकावेत म्हणून प्रीलोड हवा त्याहून सैल करू नका. खड्ड्यात शॉकअप तळाला जाऊन आपटेल.

दुसरी पायरी सीटची. चांगला सीटवाला फोम वरून थोडा आणि पुढच्या बाजूने जास्त कापतो. सीट पुढे अरुंद झाली की मांड्या कमी फाकतात आणि पाय सरळ खाली जातात. यात गाडीची ठेवण बदलत नाही.

एवढं करूनही नाहीच पुरलं, तर गाडी खाली करा. पण मागून जेवढी, तेवढीच पुढून. पुढे फोर्कचे पाइप क्लॅम्पमधून वर सरकवावे लागतात. फक्त मागून खाली केली की गाडी वळायला आळशी होते (माझी झाली तशी), फक्त पुढून केली की चंचल. साइड स्टँड त्या हिशोबाने आखूड करून घ्या, चेनचा ताण तपासा, चाक पूर्ण दबल्यावर मडगार्डला घासत नाही ना, ते बघा. आणि हेही लक्षात ठेवा, की खाली केलेली गाडी वळणावर कमी झुकते. सिंहगडाच्या घाटात फूटपेग आधी घासेल.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्यांकडे विचारून घ्या.

आणि एक गोष्ट फुकटातली. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत, हा हट्ट सोडा. थांबताना सीटवरून किंचित डावीकडे सरका, डावा पाय पूर्ण टेकवा, उजवा मागच्या ब्रेकवर. रिकाम्या मैदानात पन्नास वेळा करा, अंगवळणी पडतं. डॅनी पेड्रोसा माहितीय? उंची 160 सेंटिमीटरच्या आसपास, वजन पन्नास किलोच्या घरात. मोटोजीपीच्या मुख्य क्लासमध्ये 31 रेस जिंकला. पुढे 2019 पासून केटीएमनेच त्याला टेस्ट रायडर म्हणून घेतलं.

मी लिंक परत मूळची बसवली, प्रीलोड कमी केला, सीट कापून घेतली. आता नळ स्टॉपला एकच पाय टेकतो, पण पूर्ण टेकतो. काकू अजूनही बघतात. हल्ली मी हात करते.