गर्भ कुणाच्या सहीचा?

त्र्यंबकेश्वरला संततीसाठी तीन दिवसांचा नारायण-नागबली करून आलेली जोडपी नाशिकमध्ये आयव्हीएफ सेंटरच्या पायऱ्याही चढतात. विधी आणि इंजेक्शनं यांत त्यांना विसंगती वाटत नाही, आणि वाटावी तरी का? प्रश्न पुढचा आहे. प्रयोगशाळेत तयार झालेला तो गर्भ कायद्याच्या लेखी कोण?

आपल्या कायद्याने याचं एकच उत्तर दिलेलं नाही. मला ते शहाणपणाचं वाटतं. निफाडचा द्राक्षबागाईतदार मृत्युपत्र न करता गेला आणि बायको गरोदर असली, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 20नुसार पोटातलं मूल वारस ठरतं. अट एवढीच, की ते जिवंत जन्मावं.

दवाखान्यात मात्र 1971चा गर्भपात कायदा चालतो. त्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. हा कायदा बाईचा हक्क म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात ते डॉक्टरला दिलेलं संरक्षण आहे. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, 2021च्या दुरुस्तीनंतर ठरावीक स्त्रियांसाठी 24पर्यंत दोघांचं. त्यापुढे, जीव वाचवण्याचा प्रसंग सोडला, तर गर्भात गंभीर व्यंग असेल तेव्हाच, तेही वैद्यकीय मंडळाने मान्य केलं तर. या चौकटीत न बसणाऱ्या नाशिकच्या बाईला मुंबई उच्च न्यायालय गाठावं लागतं, आणि इकडे आठवडे सरकत राहतात. ऑक्टोबर 2023मध्ये 26 आठवड्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचंच एकमत होईना. शेवटी तिघांच्या पीठाने परवानगी नाकारली.

लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, 1988चा. तरी 2001 ते 2011 या काळात सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण राज्यात हजार मुलांमागे 913वरून 894वर उतरलं. नंतरच्या केंद्रीय कायद्यानेही गर्भाला हक्क दिला नाही. त्याने सोनोग्राफी मशीनवर पहारा बसवला आणि डॉक्टरला बोलायची बंदी केली.

खरी गंमत 2021च्या सहायक प्रजनन कायद्यात आहे. भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत जोडप्याला संमती मागे घेता येते, म्हणजे नवराही सगळं थांबवू शकतो. एकदा भ्रूण आत गेला, की गर्भपातासाठी सज्ञान बाईची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. भ्रूण तोच, पण जागा बदलली की अधिकार बदलला. सरोगसीत तिसरी तऱ्हा: तिथे सरोगेट बाईच्या लेखी संमतीबरोबर सरकारी प्राधिकरणाची मंजुरीही हवी.

गोठवलेला भ्रूण मात्र ‘पोटात’ नसतो, त्यामुळे कलम 20चे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. तो जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो. नंतर नष्ट होऊ द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचा. कायदा लागू झाला 25 जानेवारी 2022ला. म्हणजे 2032पासून सेंटरवाल्यांना जुन्या फायली काढून फोन लावावे लागतील, आणि त्यांतल्या काही नवरा-बायकोंचे पत्ते तोवर वेगळे झालेले असतील.