दुर्गमपणाने राखलेले मेळघाट

तिवसा तालुक्यातले कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर. आषाढीला इथून पंढरपूरला पालखी जाते. वर्धेच्या काठावरच्या या गावाभोवती पाहावे तिकडे काळी जमीन, कपाशी, तूर आणि सोयाबीन. वऱ्हाडात मोठे सलग जंगल पाहायचे तर परतवाडा मागे टाकून सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, मेळघाटात चढावे लागते. वर्धेचा उगमही सातपुड्यातच, मुलताईजवळ. पण ती गोदावरीच्या खोऱ्यात उतरते, तर मेळघाटातल्या सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार या नद्या तापीला मिळतात.

वाघांसाठी राखलेले महाराष्ट्रातले पहिले जंगल हेच. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. ताडोब्याला तो मान मिळायला आणखी दोन दशके लागली. पुढे गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९७ मध्ये वान, नरनाळा व अंबाबरवा ही अभयारण्ये जाहीर झाली. आज गाभा आणि बफर मिळून प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे.

तरीही ताडोब्याहून परतलेला पर्यटक इथे हमखास हिरमुसतो, कारण मेळघाटचा वाघ सहजी दिसत नाही. वैराटचे शिखर ११७८ मीटर उंच, तर खालच्या दऱ्या खोल. साग, ऐन, धावडा, तिवस आणि बांबूच्या दाटीत दहा पावलांवरचे जनावरही लपते. रानगवा, अस्वल, सांबर, चौसिंगा, रानकुत्रे सगळे आहेत. पण ते डोळ्यांआधी माग, विष्ठा आणि आवाज यांतून कळतात. रानपिंगळ्याचेच पाहा. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीलायक ठावठिकाणा नव्हता, ते नामशेष झाले असेच धरले जाई. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा सापडले आणि मग मेळघाटातही त्याची नोंद झाली.

हा दुर्गमपणा माणसांनी फार पूर्वी ओळखला होता. बहमनी सुलतान अहमदशाहने १४२५ मध्ये गाविलगड बांधला तो याच भरवशावर. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातला हा गड घेतला. त्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला जड तोफा डोंगर-जंगलातून ओढत उत्तरेला लबाडा गावाच्या बाजूला न्याव्या लागल्या. १५ डिसेंबरला गड पडला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोहोचला. साहेबांचे थंड हवेचे ठिकाण वसले, कॉफीचे मळे आले. सागावर इंग्रजांची नजर होतीच. १८६६ मध्ये इथले काही जंगल राखीव झाले.

पण ज्या दुर्गमपणाने वाघ राखला, त्यानेच माणसाला मारले. इथले मूळ रहिवासी कोरकू. त्यांची भाषा मुंडा कुळातली, आसपासच्या मराठी-हिंदीपेक्षा वेगळ्याच घराण्याची. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गेली आणि मेळघाट म्हणजे कुपोषण असे समीकरण झाले. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागडला दवाखाना चालवत आयुष्य घातले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वाघासाठी गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावे उठून अकोटकडे वसली, मग इतरही. मोकळ्या शेतांवर गवत आले, गवतावर हरणे आली. उठलेल्या माणसांना मात्र तेवढ्या सहजी नवी माती मानवली नाही. सोयी अपुऱ्या म्हणत काही कुटुंबे पुन्हा जंगलात परतली होती.

इथे पाहण्यासारखे इतके आहे, म्हणून मेळघाटात वाघाचा हिशेब मांडत जाऊ नये. सेमाडोहला मुक्काम करावा, कोलकासला सिपनेच्या काठी बसावे, शहानूरकडून नरनाळा चढावा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसायची संधी देते, तीही चुकवू नये.

जंगल आणि माणूस यांतला एकच कुणी निवडायचा, असा मेळघाटचा प्रश्न नाही. रेल्वेचेच पाहा. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे वान आणि धुळघाटमार्गे थेट प्रकल्पातून जायची. धुळघाटला तर गाडी चढ काढताना स्वतःच्याच रुळांवरून पार होई. ब्रॉडगेज करताना हाच मार्ग रुंद करायचा की जंगल टाळायचे, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. शेवटी सोनाळा-जामोदकडून बाहेरचा मार्ग धरायचे ठरले. अंतर वाढले, पण ज्या गावांनी कधी रेल्वे पाहिली नव्हती त्यांच्या वाट्याला ती येणार आणि वाघाची वाट मोकळी राहणार. मेळघाटच्या पन्नास वर्षांच्या भांडणांत दोन्ही बाजूंना काहीतरी देणारे निर्णय थोडे झाले. पुढचे रस्ते, दवाखाने आणि पुनर्वसन यांचे निर्णय याच मापाने तोलले गेले पाहिजेत.