बेघर कोणाला म्हणावे?

‘बेघर’ हा शब्द फारसी ‘बे’ आणि मराठी ‘घर’ यांचा जोड आहे. रोजच्या बोलण्यात तो क्वचितच येतो. आगीत किंवा पुरात घर गेले, तर ‘संसार उघड्यावर आला’ असेच लोक म्हणतात. ‘बेघर’ भेटतो तो मुख्यतः सरकारी कागदावर, आणि कागद बदलला की अर्थही बदलतो.

जनगणनेचा अर्थ सर्वांत काटेकोर. रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या ओवरीत राहणारे ते बेघर. २०११ साली त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशात सुमारे १७.७ लाख, महाराष्ट्रात दोन लाखांहून थोडे अधिक लोक नोंदले गेले.

घरकुलाच्या यादीतला बेघर याहून बराच मोठा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर मुळीच नसलेल्यांबरोबर कच्च्या भिंती-छपराच्या, दोन खोल्यांपर्यंतच्या घरात राहणारेही बसतात. म्हणजे डोक्यावर कच्चे छप्पर असलेला माणूसही इथे पात्र ठरतो. भूमिहीनांना जागा देऊन वसवलेल्या काही वस्त्यांना तर पक्की घरे उभी राहिल्यावरही ‘बेघर वसाहत’ हेच नाव चिकटून राहिले आहे.

बीड जिल्ह्यात या व्याख्यांची खरी कसोटी लागते. हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगामाचे पाच-सहा महिने कारखान्याजवळ किंवा फडाच्या कडेला कोपीत काढायचे; बांबूच्या कमानीवर चटई किंवा ताडपत्री, आत वाकून शिरायचे, दिवा-पाण्याची शाश्वती नाही. गावाकडच्या घराला कुलूप, नाहीतर म्हातारी माणसे. जनगणनेचे प्रगणक फेब्रुवारीत फिरतात तेव्हा हंगाम भरात असतो. तरीही हे मजूर सहसा बेघरांत मोजले जाणार नाहीत, कारण भिंती नसल्या तरी छप्पर जमिनीला टेकलेले आणि आत जायला वाट असलेली झोपडी जनगणनेच्या नियमात इमारतच ठरते. नियम मोजणीपुरता ठीक आहे. त्यावरून निवारा पुरेसा आहे असे मानणे मात्र चूक.

पालावर राहणाऱ्यांसाठी शब्दच निराळा: भटके. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी राज्यात यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तिच्यात घरासोबत जागाही देण्याची तरतूद आहे, कारण ज्याच्या नावावर जागा नाही त्याचे घरकुल मंजूर झाले तरी बांधायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.