मूर्तिजापूर ते अकोला: पेशंटला हलवायची वेळ येते तेव्हा

फेब्रुवारी २०२१ मध्ये अकोला, अकोट आणि मूर्तिजापूर या तीन शहरांत पुन्हा लॉकडाऊन लागला. मुंबई-पुण्याकडे तोवर "गेला कोरोना" म्हणत होते. आपल्या वऱ्हाडात मात्र अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दुसरी लाट आधीच आली होती.

त्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यांत एक वाक्य फार ऐकू यायचं, "दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही." ही भीती उगाच आली नव्हती. एप्रिल २०२० मध्ये अकोल्यात बैदपुऱ्याचा भाग सील झाला. टीव्हीवर तबलिगी जमातच्या नावाने काय चाललं, ते सगळ्यांनी पाहिलं. (परदेशी तबलिगींवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केले. ही बातमी किती घरांत पोचली?) वरून मय्यतीला गुस्ल मिळेल की नाही, जनाजा कोण उचलेल, ही काळजी. म्हणून ताप लपवला गेला. आणि जे उशिरा पोचले, त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या हातात फार काही उरलं नाही. मग तेच वाक्य आणखी पक्कं झालं.

खरं तर कोरोनात घरीच फसगत व्हायची. रक्तातला ऑक्सिजन उतरत असतो आणि पेशंट मात्र आरामात बोलतो, चहा पितो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्यासाठीच महत्त्वाचं. आकडा ९४ च्या खाली गेला की थांबायचं नाही. ९५ दिसत असेल, तरी ज्याला दम लागत नाही त्याला घरातल्या घरात सहा मिनिटं चालवून पुन्हा बघायचं. तीन-चार अंकांनी उतरला तर तोही इशारा समजा. बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो, हे आपल्या घरांत विशेष लक्षात ठेवावं लागतं.

२०२१ चा रमजान १४ एप्रिलला सुरू झाला, ऐन लाटेत. अंगातला थकवा रोज्याचा आहे असं समजून किती जणांनी दोन-तीन दिवस घालवले! आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत कुरआनमध्येच आहे. आपल्या बुजुर्गांना हे माहीत असतं, पण स्वतःवर वेळ आली की ऐकत नाहीत.

आमच्या घरातल्या एका बुजुर्गांचं असंच झालं. दुपारपर्यंत "काही नाही, कमजोरी आहे" म्हणाले. असरच्या वेळी ऑक्सिजन ८६. एका खासगी दवाखान्याने दारातच आधी डिपॉझिट मागितलं. तिथे अर्धा तास गेला. मग १०८ ला फोन लावला आणि शेवटी ते अकोल्याला पोचले. अल्लाहचा शुक्र, वाचले.

त्या अर्ध्या तासाबद्दल थोडं सांगायला हवं. इमर्जन्सीतल्या माणसावर तातडीचा इलाज करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने नर्सिंग होमचे नियम बदलले. त्यांनुसार दवाखान्याने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायची असते, आणि बिल बाकी आहे म्हणून मय्यत अडवून ठेवता येत नाही. दारात भांडत बसू नका, पण "आधी ऑक्सिजन लावा, कागद आम्ही भरतो" एवढं ठामपणे म्हणा.

मूर्तिजापूरहून अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय साधारण ४० किलोमीटर. गाडी तासाभरात पोचते, पण हिशेब एका तासाचा नसतो. मध्यम आकाराच्या, बी टाइप सिलिंडरमध्ये अंदाजे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. पेशंटला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो अडीच तास पुरतो, १५ लिटर लागत असेल तर शंभर मिनिटं. त्यात गेटवर बेडची वाट बघण्याचा वेळ धरा. म्हणून निघण्याआधी दोनच प्रश्न विचारायचे: सिलिंडर किती भरलेला आहे, आणि पुढे बेडबद्दल कोणाशी बोलणं झालंय? १०८ ची अँब्युलन्स मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. खासगी गाडीत तो असेलच असं नाही.

आतलं जग वेगळंच. वॉर्डात नातेवाईक नाही, सगळे स्टाफवाले किटमध्ये, चेहरा कोणाचा दिसत नाही. आमचे बुजुर्ग सांगतात, रात्री सगळ्यात जास्त भीती मशीनच्या आवाजाची वाटायची. जेवायला किंवा बाथरूमला जाताना पेशंट मास्क काढतो आणि नेमका तिथेच ऑक्सिजन धाडकन उतरतो. हे घरच्यांनी फोनवर रोज बजावावं लागतं. पोटावर झोपायला सांगतात, त्याने फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा नीट जाते. कंटाळवाणं आहे, पण उपयोगाचं. सोबत द्यायचं सामान थोडंच: साधा मोबाईल, लांब वायरचा चार्जर, चष्मा, चालू गोळ्यांची चिठ्ठी. शुगर-बीपीची चिठ्ठी नसली की डॉक्टरांना अंदाजाने चालावं लागतं. नमाज पलंगावर इशाऱ्याने होते, वजूला पाणी चालत नसेल तर तयम्मुम आहे. त्यासाठी मास्क काढून उठायची गरज नाही.

मय्यतीच्या भीतीबद्दलही एक सांगायचं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्येच वांद्र्याच्या कब्रस्तान प्रकरणात दफनाला परवानगी कायम ठेवली. आणि आपल्याच अकोल्यात कच्छी मेमन जमातच्या लोकांनी मुसलमानांचे जनाजे तर उचललेच, ज्यांचे घरचे पुढे आले नाहीत अशा हिंदू बांधवांनाही त्यांच्या रीतीने अग्नी दिला.

पैशाचं म्हणाल तर २१ मे २०२० च्या आदेशाने खासगी दवाखान्यांतल्या ८० टक्के बेडना दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० अशी मर्यादा होती. महात्मा फुले योजनाही त्या काळात सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली. ज्यांनी भरतीच्या दिवशीच रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स जमा केली, त्यांचं काम सोपं झालं. पुढे मृतांच्या वारसांना ५०,००० रुपयांची मदत मिळाली, तेव्हाही पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि मृत्यूचा दाखला शोधत अनेक घरांची कपाटं उलटीपालटी झाली. आमच्याकडे आता एक प्लास्टिकची फाईल दारामागे खिळ्याला टांगलेली असते: रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी. रात्री दोन वाजताही ती हाताला लागते.